लाळ एकाची, माहिती सगळ्या भावकीची

एक छोटी प्लास्टिकची नळी असते. तिच्यावर रेघ आखलेली असते आणि त्या रेघेपर्यंत लाळ भरायची असते. फेस धरायचा नाही, त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नळी भरली की झाकण दाबायचं, झाकणातलं द्रावण लाळेत उतरतं, नळी जरा हलवायची, पाकिटात घालायची आणि टपालात टाकायची. मोबाइलवर संमतीपत्र उघडतं. ते वाचायला नळी भरण्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण बोटाने सरकवत थेट तळाशी जातात आणि ‘मान्य आहे’वर टेकवतात.

संमती दिली एकाने. पण त्या नळीत आहे कोणाकोणाची माहिती? निम्मी आईकडची, निम्मी वडिलांकडची. सख्ख्या भावंडांशी सरासरी निम्मी जुळते. चुलत, मामे, आते, मावस भावंडांशी साधारण आठवा हिस्सा जुळतो. पुढे मुलं झाली तर त्यांच्यात निम्मी जाणार, म्हणजे जे अजून जन्मालाही आले नाहीत तेही त्या नळीत थोडेफार आहेत. यांच्यापैकी एकालाही कोणी काही विचारलेलं नसतं.

जनुकीय गोपनीयतेचा सगळा गुंता इथे आहे. गोपनीयतेचे नियम, अर्ज, संमतीच्या चौकटी हे सगळं ‘माझी माहिती, माझी परवानगी’ या समजुतीवर उभं आहे. बँकेच्या खात्याला ती समजूत लागू पडते. जनुकांना पडत नाही. जनुकीय माहिती दोन घरांमधल्या सामाईक भिंतीसारखी असते. एकाने आपल्या बाजूने भोक पाडलं की पलीकडच्या घरातलंही दिसायला लागतं.

आधी नळीतून नेमकं काय वाचलं जातं ते थोडक्यात पाहू. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. प्रत्येकीत सुमारे ३०० कोटी अक्षरं. कुठलीही दोन माणसं घ्या, त्यांचा मजकूर जवळपास ९९.९ टक्के सारखाच निघतो. पण मजकूरच इतका प्रचंड आहे की उरलेला फरकही थोडा नसतो: एका माणसाची अक्षरं प्रमाण मानलेल्या प्रतीशी ताडून पाहिली तर ४० ते ५० लाख जागी फरक दिसतो. घरबसल्या करायच्या चाचण्या सगळा मजकूर वाचत नाहीत. माणसामाणसांत जिथे फरक असतो अशा ठरावीक जागा, साधारण ६-७ लाख, तेवढ्याच वाचतात.

ही माहिती बाकीच्या खासगी माहितीपेक्षा वेगळी का? पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड चोरीला गेलं तर बंद करता येतं. जनुकं जन्माला येताना जी मिळाली ती मिळाली. शिवाय ती आपण रोज सांडत असतो, गळलेल्या केसाच्या मुळाशी, उष्ट्या पेल्याच्या काठावर. पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या गोष्टीची. आज दिलेल्या अक्षरांचा सगळा अर्थ आज कोणालाच लागलेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी साठवलेल्या फाइलमधून आज कितीतरी जास्त कळतं, कारण मधल्या काळात संशोधन पुढे गेलं. फाइल तीच राहते, वाचणारे हुशार होत जातात. म्हणजे संमती देताना आपण नेमकी कशाला संमती देतोय, हे त्या क्षणी देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही.

नाव खोडलं म्हणजे झालं का?

माहिती गोळा करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येणारं आश्वासन म्हणजे, ‘आम्ही तुमचं नाव, पत्ता काढून टाकतो, मग माहिती निनावी होते.’ हे सांगणारे बहुधा प्रामाणिकच असतात. अडचण अशी की इथे माहितीच नावाचं काम करते. संशोधकांनी २००४ साली हिशोब मांडून दाखवला होता की नीट निवडलेल्या ३० ते ८० जागांची अक्षरं मिळाली तरी जगातला एक माणूस वेगळा काढता येतो. घरगुती चाचणीच्या फाइलमध्ये अशा जागा लाखांनी असतात. बोटांचा ठसा ‘निनावी’ करून देतो, असं कोणी म्हणालं तर आपण काय म्हणू? हे तसंच आहे.

अर्थात ठसा कोणाचा हे कळायला तो जुळवून पाहण्यासाठी दुसरं काहीतरी हाताशी लागतं. ते कुठून मिळतं, हे २०१३ साली अमेरिकेतल्या एका संशोधक गटाने करून दाखवलं. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. बऱ्याच समाजांमध्ये आडनावही तसंच जातं. आपलं कूळ-मूळ शोधणाऱ्या हौशी लोकांनी वाय गुणसूत्राचे निकाल आडनावांसह संकेतस्थळांवर टाकलेले होते. संशोधकांनी संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या ‘निनावी’ जनुकीय फाइली घेतल्या, वाय गुणसूत्र जुळवून आडनावाचा अंदाज बांधला, त्याला वय आणि राहण्याचं राज्य जोडलं. जवळपास ५० माणसं ओळखता आली. कुठेही चोरी नाही, कुलूप फोडणं नाही. वापरलेली सगळी माहिती इंटरनेटवर खुली होती.

त्याआधी २००८ मध्ये आणखी एक धक्का बसून गेला होता. तोवर अशी पक्की समजूत होती की एकेकट्या माणसाची फाइल लपवली आणि शेकडो लोकांची मिळून सरासरी तेवढी जाहीर केली तर धोका नाही. ‘मधुमेहाच्या रुग्णांमध्ये या जागी ए हे अक्षर इतके टक्के’ अशा थाटाच्या सरासऱ्या. एका गटाने सिद्ध केलं की एखाद्याचा डीएनए हाताशी असेल तर तो माणूस त्या सरासरीत मोजला गेला होता की नाही, हे सांगता येतं. मिश्रणात त्याचा वाटा हजारात एकाहून कमी असला तरी. एका जागेवरून काहीच कळत नाही. पण लाखो जागांवर सरासरी त्याच्या बाजूला केसभर झुकलेली असते आणि ते केसभर झुकणं साठत जातं. गट जर एखाद्या आजाराच्या रुग्णांचा असेल, तर ‘हा त्या गटात होता’ एवढ्या एका वाक्यात त्याचा आजार उघडा पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी त्यानंतर अशा सरासऱ्या खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतल्या.

मग नको तेवढाच भाग खोडला तर? इथे जेम्स वॉटसन यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना शोधणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचा स्वतःचा संपूर्ण जनुकीय मजकूर २००७ साली जगासाठी खुला केला गेला. एकच जनुक त्यांनी झाकून ठेवायला सांगितलं, एपीओई. त्याच्या एका प्रकाराने अल्झायमरचा धोका वाढतो आणि आपल्या वाट्याला तो आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. तेवढा तुकडा कापला गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की कापलेल्या तुकड्यात काय असेल याचा अंदाज शेजारच्या अक्षरांवरून बांधता येतो. निकाल त्यांनी जाहीर केला नाही, पण आजूबाजूचा मोठा पट्टाही मग काढून टाकावा लागला.

हे कसं होतं ते समजायला सोपं आहे. ‘आपला हात…’ एवढं लिहून पुढच्या शब्दावर शाई सांडली, तरी मराठी वाचणाऱ्याला तो शब्द कळतोच. कारण ते शब्द एकमेकांना धरूनच येतात. डीएनएतली शेजारशेजारची अक्षरंही अशीच, पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्याने एकत्र प्रवास करत आलेली असतात. एक खोडलं तरी शेजारी चहाडी करतात.

एकाच्या फाइलमधून दुसऱ्यापर्यंत

एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ जेम्स डिअँजेलो या माजी पोलिसाला अटक झाली. १९७० आणि ८०च्या दशकांत खून आणि बलात्कारांची मालिका करून हा माणूस चाळीस वर्षं मोकळा फिरत होता. त्याने स्वतः कधीच कुठे लाळ दिली नव्हती. तपास करणाऱ्यांकडे गुन्ह्याच्या जागी मिळालेला जुना डीएनए होता. त्यांनी तो जीईडीमॅच या संकेतस्थळावर चढवला, जिथे हौशी लोक आपले हरवलेले नातेवाईक शोधायला स्वतःच्या फाइली टाकतात. तिथे त्याचे काही दूरचे भाईबंद सापडले, खापरपणजोबांच्या पिढीत कुठेतरी जोडलेले. त्यांच्यावरून वंशवृक्ष मांडत, एकेक फांदी छाटत तपास त्याच्या दारापर्यंत पोचला. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले.

या अटकेचं मला मनापासून समाधान आहे. ज्या बायकांनी चाळीस वर्षं दाराला दुहेरी कड्या लावून रात्री काढल्या असतील, त्यांच्यापुढे गोपनीयतेचं तत्त्वज्ञान सांगायला कोणाची जीभ वळणार नाही. पण ज्या दूरच्या भाईबंदांच्या फाइलींवरून हे झालं, त्यांनी त्या फाइली या कामासाठी दिल्या नव्हत्या, हेही तितकंच खरं आहे. आणि एकदा वाट पडली की ती रुंदच होत जाते. संकेतस्थळाने सुरुवातीला सांगितलं होतं की पोलिसांना फक्त खून आणि बलात्काराच्या तपासासाठी वापर करता येईल. थोड्याच दिवसांत एका मारहाणीच्या प्रकरणात अपवाद केला गेला. त्यावर गदारोळ झाल्यावर मे २०१९ मध्ये नियम उलटा फिरवला: ज्यांनी स्वतःहून होकार दिला त्यांच्याच फाइली पोलिसांना दिसतील. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशाने सगळाच साठा तपासायचं वॉरंट दिलं. पुढच्या वर्षी संकेतस्थळावर हल्ला झाला, सगळ्यांच्या परवानग्या विस्कटल्या आणि नकार दिलेल्यांच्या फाइलीही काही तास उघड्या पडल्या. दोन वर्षांत एवढं सगळं. संकेतस्थळाने लिहिलेला नियम संकेतस्थळच बदलू शकतं, न्यायालय ओलांडू शकतं आणि चोर तर तो वाचतही नाही.

आपण नळी दिली नाही म्हणजे सुटलो, असं कोणाला वाटत असेल तर २०१८ चाच एक हिशोब लक्षात घ्यायला हवा. संशोधकांनी सुमारे १२.८ लाख लोकांचा साठा तपासून पाहिलं, की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा कोणी नातेवाईक त्यात सापडेल का? खापरपणजोबा सामाईक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सुमारे ६० टक्के वेळा सापडत होता. त्यांनी असंही मांडलं की एखाद्या समाजातल्या जेमतेम २ टक्के लोकांनी फाइली दिल्या, की त्या समाजातल्या जवळपास प्रत्येकापर्यंत पोचता येईल. उरलेल्या ९८ टक्क्यांनी नकार दिला काय आणि न दिला काय.

पोलीस, चोर, कंपन्या हे सगळं बाजूला ठेवलं तरी हा प्रश्न घरातल्या घरात उभा राहतो. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार घ्या. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली तर आजार जवळपास अटळ. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीत गाठतो आणि बरा करणारा उपाय अजून नाही. मुलांकडे जायची शक्यता निम्मी. आता समजा आजोबा या आजाराने गेले. वडिलांनी ठरवलंय की आपल्याला चाचणी करायची नाही, जितके दिवस आहेत तितके मोकळ्या मनाने जगायचं. मुलगा पंचविशीचा आहे, लग्न ठरतंय, पुढे मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवायला त्याला खरं कळायला हवंय. त्याने चाचणी केली आणि निकाल वाईट आला. तो आला कुठून? वडिलांकडूनच. मुलाच्या हातातल्या कागदावर वडिलांचा निकाल लिहिला गेला, जो त्यांनी आयुष्यभर मागितला नव्हता. दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. मुलाचा जाणून घेण्याचा हक्क खरा आणि वडिलांचा न जाणण्याचा हक्कही खरा. म्हणूनच या आजाराची चाचणी चांगल्या दवाखान्यांत समुपदेशनाशिवाय करत नाहीत: आधी बोलतात, घरात कोणाला काय सांगायचं ते ठरवायला लावतात, मग रक्त घेतात. टपालातून येणाऱ्या नळीसोबत असं कोणी बसत नाही.

१४ हजार खाती, ६९ लाख माणसं

ट्वेंटीथ्री-अँड-मी ही घरगुती चाचण्यांतली मोठी कंपनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची माहिती चोरीला गेल्याचं समोर आलं. चोरांनी कंपनीचं तंत्रज्ञान फोडलं नव्हतं. दुसऱ्या संकेतस्थळांवरून आधीच फुटलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले. बरेच लोक सगळीकडे एकच पासवर्ड वापरतात, त्यामुळे सुमारे १४ हजार खाती उघडली. नुकसान झालं मात्र सुमारे ६९ लाख लोकांचं. कारण तिथे ‘नातेवाईक शोधा’ अशी सोय होती: ती चालू केलेल्याला आपल्याशी डीएनए जुळणाऱ्या सगळ्यांची नावं, नात्याचा अंदाज, मूळ कुठलं, हे दिसायचं. एका उघड्या खात्यामागे सरासरी जवळपास ४९० माणसं. यातल्या कित्येकांचे पासवर्ड उत्तम होते, पण त्यांना लुटलं गेलं ते दुसऱ्याच्या दारातून. चोरलेल्या माहितीच्या याद्या वंशानुसार लावून विकायला काढल्या गेल्या, अश्केनाझी म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यू मुळाच्या लोकांची वेगळी, चिनी मुळाच्या लोकांची वेगळी. आपल्या वंशाची यादी कोणीतरी तयार करतंय, याचा अर्थ ज्यांच्या आजी-आजोबांनी तो भोगलाय त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीत मालमत्ता विकून देणी फेडतात आणि या कंपनीची सगळ्यात मोलाची मालमत्ता म्हणजे सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती. बोली लागली. शेवटी कंपनीच्या सहसंस्थापक अॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला ती घेतली. मधल्या काळात सुमारे १९ लाख ग्राहकांनी माहिती पुसून टाकायची मागणी केली. संमती देताना आपण समोरच्या कंपनीवर विश्वास टाकतो. पण कंपनीपेक्षा माहितीचं आयुष्य मोठं असतं, आणि उद्या तिचा मालक कोण असेल हे संमतीपत्रावर लिहिलेलं नसतं.

नुकसान म्हणजे नेमकं काय, असं काही जण विचारतात. रेल्वे कंपनीचं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे रेल्वेतल्या काही कामगारांनी मनगटाच्या दुखण्याची भरपाई मागितली, तेव्हा त्यांच्या रक्ताची त्यांना न सांगता जनुकीय चाचणी केली गेली. २००१ मध्ये सरकारी आयोगाने खटला भरला आणि पुढच्या वर्षी २२ लाख डॉलरवर तडजोड झाली. दुखणं कामामुळे नाही, तुमच्या रक्तातच आहे, असं म्हणायला मालकाला जागा मिळाली तर कामगाराने कुठे जायचं? २००८ मध्ये अमेरिकेत जिना नावाचा कायदा झाला. नोकरी देताना आणि आरोग्य विमा ठरवताना जनुकीय माहिती वापरायला त्याने बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्यातून सुटला. कॅनडाचा २०१७ चा कायदा जास्त रुंद आहे; कुठल्याही करारासाठी जनुकीय चाचणीची किंवा तिच्या निकालाची अटच घालता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत जनुकीय माहिती खास जपायच्या माहितीत मोडते. मला कॅनडाची वाट जास्त पटते. माहिती कधी ना कधी फुटणार हे धरून चाललं, तर ती वापरून कोणाचं वाईट करता येऊ नये, हा बंदोबस्त जास्त टिकाऊ.

हावासुपाई या मूळनिवासी जमातीची गोष्ट यात यायलाच हवी. ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणारे हे लोक मधुमेहाने बेजार झाले होते. १९९० पासून अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. मधुमेहाचं कारण सापडेल, या आशेने लोकांनी हात पुढे केले. संमतीपत्रातली भाषा मात्र मोघम होती. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि जमातीचे पूर्वज कुठून आले यांच्या अभ्यासाला वापरलं गेलं. आपण या दरीतूनच उपजलो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्याच रक्तातून ती खोटी ठरवणारे शोधनिबंध निघाले आणि त्यांना ते विचारलंही गेलं नाही. २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना ७ लाख डॉलर मिळाले आणि रक्ताचे नमुने परत दिले गेले. त्यांचं दुखणं एकट्यादुकट्याचं नव्हतं, जमातीचं होतं. एकेकाच्या सहीवर चालणाऱ्या संमतीत असं दुखणं मांडायला रकानाच नसतो.

मग जपायचं कसं?

सगळं कुलूपबंद करा, हे उत्तर नाही. दुर्मीळ आजार असलेल्या मुलाचं निदान कित्येकदा तेव्हाच होतं, जेव्हा त्याच्यासारखीच अक्षरं असलेलं दुसरं मूल जगात कुठेतरी सापडतं. तपासायला माहिती हवीच. प्रश्न इतकाच, की माहिती हातात न देता उत्तर कसं द्यायचं.

सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा बदल म्हणजे फाइली बाहेर पाठवणं बंद करणं. पूर्वी संशोधक फाइली उतरवून घ्यायचे. एकदा गेलेली प्रत पुढे कुठे कुठे गेली हे कोण सांगणार? आता यूके बायोबँकेसारख्या मोठ्या साठ्यांमध्ये, जिथे सुमारे ५ लाख स्वयंसेवकांची माहिती आहे, संशोधकाने साठ्याच्याच संगणकावर येऊन काम करायचं असतं. कोणी काय विचारलं याची नोंद राहते. ग्रंथालयात बसून वाचा, टिपणं न्या, पुस्तक बाहेर नेऊ नका, असा हा प्रकार.

टिपणांतूनही गळती होते. आपल्या साठ्यात अमुक जागी अमुक अक्षर असलेलं कोणी आहे का, या प्रश्नाला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणारी एक सेवा होती. इतकी कंजूस उत्तरं, त्यात काय फुटणार? २०१५ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की १००० माणसांच्या साठ्याला ५००० प्रश्न विचारले की विशिष्ट माणूस आत आहे का ते कळतं. म्हणून किती प्रश्न विचारायचे यावर मर्यादा घालतात, किंवा उत्तरात मुद्दाम थोडा, मोजून-मापून गोंधळ मिसळतात. एकूण चित्र बिघडत नाही, पण एकट्या माणसाचा माग धूसर होतो.

गणिताची एक युक्ती मला फार आवडते, कारण ती कागद-पेन्सिलीने करून बघता येते. तीन रुग्णालयांना एका दुर्मीळ बदलाचे रुग्ण मिळून किती, हे काढायचंय; पण आपापला आकडा कोणालाच सांगायचा नाही. पहिल्याकडे १२ आहेत. ते १२ चे तीन तुकडे करतं, मनाला येतील तसे: ४०, उणे ३५ आणि ७. दुसऱ्याकडे ७, त्याचे तुकडे उणे २०, ११ आणि १६. तिसऱ्याकडे ५, त्याचे ९, ३० आणि उणे ३४. आता प्रत्येकाने आपला पहिला तुकडा पहिल्या रुग्णालयाला द्यायचा, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला. पहिल्याकडे जमले ४०, उणे २० आणि ९, बेरीज २९. दुसऱ्याकडे बेरीज ६. तिसऱ्याकडे उणे ११. या तीन बेरजा जाहीर केल्या आणि मिळवल्या की २४. बारा अधिक सात अधिक पाच, बरोबर २४. तुकडे पाहून कोणालाच कोणाचा आकडा कळला नाही. लाखो जागांसाठी हेच संगणकाने करायचं. याहून पुढची पद्धतही आहे, ज्यात माहिती कुलूपबंद असतानाच तिच्यावर आकडेमोड होते आणि उत्तरही कुलूपबंदच बाहेर येतं. किल्ली फक्त मालकाकडे. ती अजून संथ आणि महाग आहे, पण वर्षागणिक सुधारतेय.

एकट्या माणसाच्या हातात काय उरतं? नळी भरण्याआधी संमतीपत्रात तीन गोष्टी शोधायच्या: कंपनी विकली गेली तर माहितीचं काय, पोलिसांनी मागितली तर काय, आणि संशोधनाला वापरायची परवानगी वेगळी मागितली आहे की सगळ्यात गुंडाळली आहे. आधीच दिली असेल तर नातेवाईक जुळवायची सोय खरोखर हवी का ते ठरवा. नको असेल तर बंद करा. पासवर्ड इथे वेगळाच हवा, मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचं दुसरं कुलूपही हवं. तिथली फाइल उतरवून दुसऱ्या फुकट संकेतस्थळावर चढवायचा मोह टाळा. खातं बंद करताना लाळेचा नमुना नष्ट करायला वेगळं सांगावं लागतं, माहिती पुसणं आणि नमुना नष्ट करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्या अभ्यासात वापरून झालेली माहिती मात्र परत येत नाही. आणि हे सगळं करण्याआधी भावंडांना, आई-वडिलांना एकदा विचारा. कायद्याने ती सक्ती नाही. पण वेळ पडली तर निकाल त्यांनाही ऐकावा लागणार आहे.

आइसलँडने १९९८ साली कायदा करून सगळ्या देशाच्या आरोग्याच्या नोंदी एका साठ्यात आणायचं ठरवलं होतं. जनुकीय माहिती आणि वंशावळींशी त्या जोडायच्या होत्या. ज्यांना नको त्यांनी तसं कळवायचं. एका मुलीने आपल्या वारलेल्या वडिलांच्या नोंदी त्यात जाऊ नयेत म्हणून अर्ज केला. अधिकाऱ्यांनी तो फेटाळला, कारण नकार ज्याचा त्याने द्यायचा असतो आणि वडील तर हयात नव्हते. २००३ मध्ये प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं की वडिलांच्या वतीने तिला बोलता येणार नाही, पण वडिलांच्या नोंदींवरून तिच्या स्वतःच्या आनुवंशिक गुणांबद्दल कळू शकतं, म्हणून त्या नोंदी अडवायचा हक्क तिचा स्वतःचा आहे. नावं काढून सांकेतिक क्रमांक घालण्याची तजवीजही न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. तो साठा पुढे कधी उभा राहिला नाही.